भोंग्याचे दात

बॅटऱ्या बनवायच्या त्या कारखान्यात चार्जिंगची खोली सगळ्यात मागे होती, आणि त्या खोलीत भोंग्याला पगार मिळायचा तो ओरडण्याचा.

चेष्टा नाही. लांबलचक टेबलांवर बॅटऱ्यांच्या आठ रांगा मांडलेल्या, त्यांच्यात आम्ल भरलेलं. चार्जिंग सुरू झालं की आम्लाला बुडबुडे यायचे आणि डोळ्यांना न दिसणारा बारीक फवारा खोलीभर उडत राहायचा. भोंग्यानं रबरी फुगा लावलेली काचेची नळी घ्यायची, एकेका बॅटरीतलं आम्ल वर ओढायचं, नळीतला तरंगता काटा कुठं थांबतो ते बघायचं, त्यावरून चार्जिंग किती झालं ते कळे, आणि तो आकडा ओरडायचा. "तिसरी रांग, चौदावी, बाराशे चाळीस!" खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला काचेची खिडकी, तिला वीतभर फट. फटीमागं बसलेला नोंदवाला तो आकडा वहीत उतरवायचा. दिवसाला पाचशे-सहाशे आकडे. एकही दुसऱ्यांदा विचारावा लागत नसे.

दोन आकड्यांच्या मधला वेळही हा मोकळा सोडत नव्हता. पाचवी बॅटरी आणि सहावी बॅटरी यांच्यामध्ये शेजाऱ्याच्या सायकलचं भांडण मावायचं, मेव्हण्याच्या घराचं गळकं छप्पर मावायचं. तोंड बंद पडलं तर आपण मेलो असं लोकांना वाटेल, अशी काहीतरी त्याची समजूत असावी. आईनं लहानपणीच त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. कारखान्यात कुणाला ते सांगावं लागलं नाही, लोकांनी स्वतःच्या डोक्यानं तेच शोधून काढलं.

स्वस्थ बसणं अंगातच नव्हतं. खुर्चीवर बसला तर गुडघा हले, उभा राहिला तर टाच. आणि अलीकडं तर त्याच्या जिभेनंही नवा उद्योग काढला होता. वरच्या समोरच्या दातांच्या कडेवरून ती सारखी फिरे. ती कड आता पातळ झाली होती, फुटक्या कपासारखी करकरीत. जीभ फिरायची, कापायची, मागं यायची आणि पुन्हा तिथंच जायची. गार पाण्याचा घोट घेतला की कपाळापर्यंत सणक जायची आणि हा एका पायावर नाचायचा.

"दात दाखवा," बायको म्हणाली.

"ई."

तिनं त्याची हनुवटी धरून खिडकीच्या उजेडाकडं वळवली. "लग्नात तुमचे दात एवढे होते," ती बोटाचं पेर दाखवत म्हणाली. "आता निम्मे राहिलेत. उरलेले कुठं ठेवलेत?"

"वयानं झिजतात."

"तुमच्या आईचे सत्तरीत शाबूत आहेत. आणि हे बघा." तिनं दोरीवरचा त्याचा कामाचा शर्ट ओढून काढला. पोटावर आणि बाह्यांवर मोहरी मावेल एवढी भोकं, चाळणीसारखी. "दर तीन महिन्यांनी तुमचा शर्ट विरतो. मी गप्प नवा आणते. दात कुठल्या दुकानातून आणू?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. नेलं म्हणजे पुढं घालून नेलं.

डॉक्टर तिशीतली बाई होती, बोलायला मोजकी. तिनं आरसा आत घातला, दिवा खाली ओढला आणि दोन मिनिटांत विचारलं, "बॅटरीच्या कारखान्यात आहात?"

भोंगा उडालाच. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दातांनी. आंबट खाऊन झिजले असते तर आतल्या बाजूनं आणि दाढांवरही झिजले असते. तुमच्या दाढा बऱ्या आहेत. फक्त समोरचे गेलेत, तेही ओठाबाहेर दिसतात तेवढेच. हवेतलं आम्ल थेट त्यांच्यावर बसतंय." तिनं आरसा बाजूला ठेवला. "कामावर बोलता का खूप?"

बायकोला कोपऱ्यात खोकला आला.

मग एकेक बाहेर निघालं. आवाज मोकळा राहावा म्हणून दिवसभर तोंडात आंबट गोळी असते, हे निघालं. कामाची पाळी संपल्यावर तो दात कशानं घासतो, हेही निघालं. चार्जिंगच्या खोलीत सोड्याची बादली असायची. फरशीवर आम्ल सांडलं की त्यावर सोडा टाकायचा, फसफस झाली की आम्ल मेलं. भोंग्यानं सरळ हिशेब लावला होता. फरशीवर चालतं ते दातावर का नको? रोज सुट्टी झाली की चिमूटभर सोडा ताठ केसांच्या ब्रशवर घ्यायचा आणि खसाखसा, आडवा, तोंडातून फेस येईपर्यंत. आणि ही युक्ती त्यानं खोलीतल्या सगळ्यांना शिकवली होती.

डॉक्टरनं डोळे मिटले आणि उघडले. "सोडा बरोबर. घासणं चूक."

"म्हणजे?"

"दातावर कवच असतं, इनॅमल. अंगातली सगळ्यात कठीण गोष्ट. पण आम्ल लागलं की वरचा थर थोडा वेळ मऊ पडतो. लाळ त्याला हळूहळू पुन्हा घट्ट करते, त्याला तासभर तरी लागतो. तुम्ही तो मऊ असतानाच घासता. ओल्या भिंतीवरून खराटा फिरवल्यासारखं. पाण्यात सोडा कालवून नुसत्या चुळा भरा. घासायचं ते घरी जाऊन, तासाभरानं, मऊ ब्रशनं, फ्लोराइडच्या पेस्टनं. आंबट गोळी बंद. आणि त्या खोलीत तोंडावर चांगला मास्क आणि तोंड मिटलेलं."

"गेलंय ते परत येतं का?"

"नाही. कातडी फाटली तर भरून येते, नख तुटलं तर वाढतं. गेलेलं कवच अंग पुन्हा बनवत नाही. मी वरून भर घालून देईन, पण आम्ल असंच लागत राहिलं तर तीही टिकणार नाही. राहिलंय तेवढं सांभाळायचं. असंच चाललं तर वर्षभरात नस उघडी पडेल." मग ती हात पुसत म्हणाली, "खोलीत हवा ओढून घेणारा पंखा असेलच. एक्झॉस्ट?"

भोंग्याचा हलता गुडघा थांबला.

"आहे," तो म्हणाला.

"चालू असतो ना?"

"असतो की."

बाहेर रस्त्यावर आल्यावर बायकोनं वीस पावलं त्याला चालू दिलं. मग थांबली. "खोटं का बोललात?"

"कोण खोटं?"

"तुम्ही तीन शब्दांत थांबलात. खरं बोलताना तुम्हाला तीनशे लागतात."

भोंग्यानं रस्त्यावरच्या एका दगडाला लाथ घातली. दगड गटारात गेला. आणि त्यानं सांगितलं, कारण न सांगणं त्याला जमत नव्हतंच.

एक्झॉस्ट नऊ वर्षं बंद होता. आणि तो त्यानंच बंद करायला लावला होता.

पूर्वी ते दोन मोठे पंखे भिंतीत वर घोंघावत असत. त्या आवाजात नोंदवाल्याला आकडे ऐकू जात नसत. एकदा चुकीच्या आकड्यांनी अख्खी रांग जास्त चार्ज झाली, बॅटऱ्या फुगल्या, फोरमननं सगळ्यांची खरडपट्टी काढली. तेव्हा भोंगा छाती काढून पुढं गेला. "साहेब, खोलीत बोंबलायला एक मी पुरे आहे. तो वरचा बंद करा, एक आकडा चुकला तर माझं नाव बदला." फोरमन हसला. विजेची बचत होते म्हटल्यावर जास्तच हसला. पंखे बंद झाले, नोंदी चोख झाल्या, आणि कुणी मोठा माणूस कारखाना बघायला आला की फोरमन त्याला मुद्दाम चार्जिंगच्या खोलीत आणून भोंग्याचा आवाज ऐकवू लागला. खोली शांत झाली म्हणून बाकीचेही खूश. गप्पा मारता येऊ लागल्या.

"म्हणजे तुमच्या एकट्याचे दात नाहीत," बायको म्हणाली.

त्याला हे कळत होतं.

दुसऱ्या दिवशी भोंगा मास्क लावून कामाला गेला आणि तोंड उघडलं नाही. आकडा घ्यायचा, खिडकीपर्यंत चालत जायचं, बोटांनी दाखवायचा, परत यायचं. पहिल्या रांगेलाच तास गेला. नोंदवाला काचेमागून विचारत राहिला, "घसा बसला काय रे? जीभ चावली? बायकोनं मारलं?" बोलणं आत साठत गेलं. दुपारपर्यंत त्याला वाटलं की कानांतून वाफ येईल.

पण तोंड बंद झालं आणि डोळे मोकळे झाले. बावीस वर्षांत त्या खोलीत तो पहिल्यांदाच दुसऱ्याचं बोलणं ऐकत होता, आणि बोलणाऱ्याचं तोंड बघत होता.

खोलीत त्याच्याखेरीज दोघं. मामा नावाचा म्हातारा, साऱ्या कारखान्याचा मामा, वायरी जोडायचा. आणि लंब्या, आम्ल भरायचा. लंब्याला येऊन सहा वर्षं झाली होती. भोंगा गप्प आहे म्हटल्यावर रिकामी जागा भरायला दोघं चढाओढीनं बोलू लागले. मामा हसला आणि भोंग्याला त्याचे समोरचे दात दिसले. कडेनं तिरके, कानशीनं घासल्यासारखे. लंब्यानं जांभई दिली. त्याचे अजून लांबीला पुरे होते, पण कडा काचेसारख्या पारदर्शक झालेल्या, त्यातून तोंडातला अंधार दिसत होता.

"काय बघतोस रे माझ्या थोबाडात?" लंब्या म्हणाला. मग त्यानं बाटलीतलं पाणी प्यायलं आणि गाल धरला. "च्यायला. ही नवीन पेस्ट आणल्यापासून असं होतंय."

सुट्टी झाली. लंब्या बादलीपाशी गेला, ब्रशवर सोडा घेतला आणि घासायला लागला. खसाखसा, आडवा. भोंग्यानं शिकवलं होतं तसं.

भोंग्यानं ब्रश त्याच्या हातातून हिसकावला आणि फेकून दिला.

"वेडा झालास काय!"

भोंग्यानं मास्क खाली ओढला, पुन्हा वर चढवला. हातानं 'घासू नको, चुळा भर' एवढं कसंबसं दाखवून तो खोलीबाहेर पडला आणि सायकल न घेताच घरी चालत गेला.

तीन दिवस असे गेले. घरी तो या खोलीतून त्या खोलीत फिरे, नळ उघडे, बंद करी. ताटावर बसे, दोन घासांत उठे. चुळा भरून भरून बादल्या रिकाम्या केल्या. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं करत होता, आंबट गोळ्यांची बरणी शेजाऱ्याला देऊन टाकली होती, तासभर थांबून मऊ ब्रशनं घासत होता, घड्याळ समोर ठेवून. दात शांत झाले होते. माणूस झाला नव्हता.

"सांगून टाका," बायको म्हणाली. "मला घरात पायात पायात नकोत तुम्ही."

"मला मारतील."

"मारू देत. पण दातांवर नको म्हणावं."

चौथ्या दिवशी चहाच्या सुट्टीत, खोलीबाहेरच्या कठड्यावर, त्यानं सांगितलं. आयुष्यात त्यानं इतक्या कमी शब्दांत कधी काही सांगितलं नव्हतं. डॉक्टर काय म्हणाली, दात कशानं जातात, घासणं का चूक. आणि मग, "वरचा पंखा मी बंद करायला लावला. माझा आवाज ऐकू जावा म्हणून."

मामानं चहा फुंकला. "मला ठाऊक आहे की. मी तिथंच होतो. आम्हीच म्हटलं, बरं झालं बाबा, डोकं उठलं होतं." त्यानं बोटानं स्वतःचा दात चाचपला. "माझे आता राहिलेत किती आणि खायचंय काय. मी काही तुझ्या नावानं बोटं मोडत बसणार नाही."

लंब्या उठून उभा राहिला होता.

"तुम्ही होतात मामा," तो म्हणाला. "मी कुठं होतो? मला कुणी विचारलं? मी आलो तेव्हा ते पंखे भिंतीतले डबे होते, त्यात कबुतरं राहत होती. मला वाटलं ते तसेच असतात." तो भोंग्याकडं वळला. "सहा वर्षं तू माझ्या कानाशी बडबडतोयस. सासूच्या गुडघ्यापासून म्युनिसिपालिटीच्या नळापर्यंत सगळं सांगितलंस. हे एवढं सांगायला तुला वेळ झाला नाही?"

"मला तरी कुठं कळलं होतं..."

"कळलं तेव्हापासून चार दिवस झाले."

लंब्यानं कप कठड्यावर आपटला, अर्धा चहा सांडला, आणि तो आत गेला. आत गेल्यावर तोंडाला रुमाल बांधून घेतला त्यानं.

भोंगा तसाच उठून फोरमनच्या खोलीत गेला. मामा मागं मागं आला, म्हणाला, "एकटा गेलास तर तो तुला बोलण्यात गुंडाळेल. तुझा पाठीराखा म्हणून नाही, माझ्या दातांसाठी येतोय."

फोरमननं ऐकून घेतलं. "एक्झॉस्ट लावू. बरं. मग नोंदी कशा होणार?"

"पाटीवर खडूनं लिहून, रांग संपली की खिडकीला पाटी लावायची. मी करून बघितलं काल. बोटांपेक्षा लवकर होतं."

"हे तर कुणीही करेल. तुझी काय गरज?"

हा प्रश्न येणार हे भोंग्याला चार दिवस माहीत होतं. झोप त्या प्रश्नानंच उडवली होती. बावीस वर्षं कमावलेला आवाज एका पाटीनं निकालात निघत होता. "नाही गरज," तो म्हणाला. "मला वायरी जोडायला टाका. आम्ल भरायला टाका. पण पंखा लावा."

"बेल्ट नाहीत त्याला. ते काढून पॅकिंगच्या मशीनला घातलेत. बघू पुढच्या महिन्यात."

तेव्हा मामानं ओठ वर केला आणि दात विचकले. काही बोलला नाही, नुसता उभा. भोंग्यानंही विचकले. दोन बाप्ये टेबलासमोर माकडासारखे दात काढून उभे, आणि फोरमन बघतोय. दार उघडं होतं. लंब्या कधी मागं येऊन उभा राहिला होता कोण जाणे. त्यानं रुमाल खाली केला आणि तिसरी बत्तिशी दाखवली.

"ही काय थेरं आहेत?" फोरमन म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याची जीभ त्याच्याच वरच्या ओठाआड फिरली. एकदा डावीकडून उजवीकडं, मग परत. दिवसातून चार फेऱ्या तोही त्याच खोलीत मारायचा, आणि ओरडल्याशिवाय त्याची एकही फेरी होत नसे. जीभ एका जागी थांबली.

बेल्ट त्याच आठवड्यात आले. मामानं शिडीवर चढून कबुतरांची घरटी उतरवली, आणि पंखे सुरू झाले. आवाज असा की कानांना नाही, हाडांना कळावा. शेजारी उभ्या माणसाला काही सांगायचं तर खांद्याला हात लावून बाहेर न्यावं लागे. भोंगा वायरी जोडू लागला. मामा पाटी लिहू लागला, त्याचं अक्षर बरं होतं. सोड्याच्या बादलीशेजारी चुळांसाठी पेले आले. रोज सुट्टीला भोंगा सोड्याचं पाणी कालवून तीन पेले भरून ठेवायचा. लंब्या त्याच्याकडं न बघता पेला उचलायचा, चुळा भरायचा, थुंकायचा, निघून जायचा. एक शब्द नाही. पंखा असो नसो, बाहेर कठड्यावरही नाही. भोंगा दुसऱ्याच माणसाला सांगितल्यासारखा हवेत काहीबाही सांगून बघायचा, लंब्या चहा संपवून उठायचा.

तीन महिन्यांनी भोंगा डॉक्टरकडं गेला. तिनं मागच्या वेळी घेतलेला दातांचा ठसा काढला, नवा शेजारी ठेवला, बारीक पट्टीनं मोजलं.

"जेवढे होते तेवढेच आहेत," ती म्हणाली. "आता भर घालायला हरकत नाही. पुढच्या खेपेला."

भोंग्याला उडी मारावीशी वाटली. दार ढकलून बाहेर आला तर बाकावर लंब्या बसलेला. गुडघे छातीपर्यंत आलेले, हातात चिठ्ठी चुरगाळलेली. दोघांनी एकमेकांना बघितलं. इथं पंखा नव्हता.

भोंगा जाऊ शकत होता. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, उठला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, पुन्हा बसला.

"किती राहिले तुझे?" लंब्यानं समोरच्या भिंतीला विचारलं.

"होते तेवढेच."

"माझे कमी निघाले तर घरी येऊन तुझे पाडीन."

"ये."

आतून लंब्याला हाक आली. तो आत गेला. भोंगा थांबला. बाकाला आठ पट्ट्या होत्या, खिडकीला सहा गज, हे त्यानं चार वेळा मोजलं. दार उघडलं. लंब्या दारातच उभा, रंग उतरलेला.

"दोन दातांची कड गेलीय. भर घालायची म्हणते. आत्ताच. मशीननं घासून." तो थांबला. "ते मशीन कानाशी आलं की माझे हातपाय गळतात. लहानपणापासून."

भोंगा बाकावरून उठला.

"तर तू इथं दारात उभा राहा आणि बोल."

"काय बोलू?"

"ते आता मी सांगू? सहा वर्षं कुणाला विचारून बोलत होतास?"

लंब्या आत जाऊन खुर्चीत पडला. डॉक्टरनं भोंग्याकडं बघितलं, खांदे उडवले, आणि दार उघडंच ठेवलं. मशीन सुरू झालं. भोंग्यानं तोंड उघडलं. डोकं साफ रिकामं. सायकल नाही, मेव्हणा नाही, सासूचा गुडघा नाही. खुर्चीच्या हातावर लंब्याची बोटं पांढरी झाली होती.

भोंगा मागं वळून खिडकीतून बाहेर बघू लागला आणि जे दिसलं ते मोठ्यानं सांगायला लागला.

"एक माणूस हातगाडीवर गादी घेऊन चाललाय. डबल गादी आहे. मागून एक बाई धरून चाललीय, पण धरत काहीच नाहीये, नुसता हात ठेवलाय. आता चढ आला. तो थांबला. तिच्याकडं बघतोय. ती काय म्हणाली ते ऐकू येत नाही, पण चांगलं काही नव्हतं..."